बारावं रीळ आधी, अकरावं नंतर

मी, मंजुळाबाई पितांबर बोरसे, वय वर्षं साठ (सिनेमाच्या जाहिरातीत नेहमी थोडं कमी), धंदा पूर्वी सिनेनटी आणि नंतर टुरिंग टॉकीजची मालकीण, राहणार स्टेशन रोड, दोंडाईचा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हा दस्त स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉ. सुनंदाबाई गिरासे यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. वय विचारल्यावर मी जे उत्तर दिलं, त्यावरून डोकं जरा जास्तच ठिकाणावर असल्याचं त्या म्हणाल्या. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी भरीला पाडलेलं नाही, आणि पाडायचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांची नावं पुढे योग्य त्या कलमात येतील.

अशा दस्तात आयुष्याचा भरवसा नाही असं लिहायची पद्धत आहे. वकील अभिमन देवरे यांनी मसुद्यात ते वाक्य घातलं होतं, मी खोडलं. मला माझ्या आयुष्याचा चांगला भरवसा आहे. पण माझ्या मागे माझ्या सिनेमाचा शेवट कुणी बदलू नये, एवढ्यासाठी हे लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि दुसरं करायची हौस नाही.

कलम १. माझी ओळख. माझा जन्म मौजे खैरवडे इथला. दोंडाईच्याहून सकाळी गाडी जुंपली तर जेवायच्या वेळेला पोचावं, एवढ्या अंतरावर ते गाव आहे. वडील दगा निकम. आईवडील लवकर गेले, मला थोरला भाऊ झुलाल यानेच वाढवलं. पुढे आत्या भिकुबाई मला मुंबईला शिवण शिकवायला म्हणून घेऊन गेली. आत्याच्या खोलीमागेच स्टुडिओ होता. तिथल्या कपडेपटात बटणं लावता लावता मी कॅमेऱ्यासमोर कशी गेले, ते सांगत बसले तर वकीलसाहेबांचे कागद पुरायचे नाहीत. कंपनीने माझं नाव मधुरिका ठेवलं. सन १९५७ साली माझा एकुलता एक सिनेमा आला, ‘पाहुणी पळाली’. मधुरिका आणि मंजुळाबाई या दोन्ही बाया एकच आहेत, याबद्दल पुढे कुणी कोर्टात वाद काढू नये.

झुलालने मात्र त्या दोघी वेगळ्या मानल्या. सिनेमाचं पोस्टर धुळ्याच्या बाजारात लागलं, त्यात मी काळा गॉगल घालून, उंच टाचांच्या बुटांत, एक पाय जिन्यावर ठेवून उभी होते. झुलालने निरोप धाडला, की गावाच्या पारावर येऊन पंचांच्या पाया पड, झालं ते चुकलं म्हण, मग आखाजीला मुराळी पाठवतो. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक सासुरवाशीण माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भाऊ नाहीतर भाचा तिला न्यायला येतो, तो मुराळी. मी उलट निरोप धाडला, की मी काही चोरलेलं नाही, सिनेमात चोरलं त्याचा पगार घेतला. त्यानंतर मला न्यायला कुणी आलं नाही. याचं मला फार वाईट वाटत आलं आहे. हे एकदाच लिहिते आणि पुढे जाते.

कलम २. ‘पाहुणी पळाली’ची प्रिंट. ही माझी खरी इस्टेट. आता हा सिनेमा काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण माझ्यामागे हे वाचणाऱ्यांनी तो पाहिलेला असेलच असं नाही.

एका शेटजींच्या घरी लग्नघाई आहे. एक रुबाबदार पाहुणी येऊन उतरते. ती नक्की कुणाकडची ते कुणालाच ठाऊक नाही. वरपक्षाला वाटतं वधूपक्षाची, वधूपक्षाला वाटतं वरपक्षाची. ती पाहुणी मी. घरात मोत्यांचा हार आहे आणि त्याच्यावर टपलेले तीन बावळट चोर आहेत. एक फौजदार आहे, तो ज्या खोलीत शिरतो तिथली एक तरी खुर्ची मोडतो. हार लोणच्याच्या बरणीत लपवलेला असतो आणि बरणी सगळ्या घरातून फिरते. अकराव्या रिळात मी बरणीतून हार काढते, आगगाडीत बसते आणि खिडकीतून हार हलवत सगळ्यांकडे बघून खळखळून हसते. बाराव्या रिळात मी परत आलेली. मी शेटजींच्या पायांवर डोकं ठेवून रडते, हार परत करते, फौजदाराशी लग्न करते, आणि शेटजी हार पुन्हा त्याच बरणीत ठेवतात.

सिनेमाचं नाव ‘पाहुणी पळाली’ आणि शेवटी पळत कुणीच नाही. मुंबई-पुण्यात तो आठवडाभरसुद्धा टिकला नाही. कंपनी बुडाली. मी आत्याच्या खोलीत बसून पुन्हा बटणं लावू लागले.

त्या वेळी आमच्या यजमानांचा, म्हणजे पितांबर बोरसे यांचा, टुरिंग टॉकीजचा धंदा होता. त्यांनी पडेल भावात ही प्रिंट उचलली. त्यांचे तंबू दोन, एक नरडाण्याला आणि एक दोंडाईच्याला, आणि प्रिंट एक. नरडाण्याला रीळ संपलं की डबा पॅसेंजरने दोंडाईच्याला यायचा. आखाजीच्या आदल्या दिवशी अकराव्या रिळाचा डबा नरडाण्याच्या फलाटावर राहिला आणि बारावं रीळ पुढे आलं. दोंडाईच्याच्या तंबूत मशीनवर युसूफ होता. दहा रिळं झालेली, लोक बाकं आपटायला लागलेले. त्याने बारावं लावून टाकलं. मी रडले, पाया पडले, लग्न झालं, हार बरणीत गेला. लोक उठायला लागले, तेवढ्यात मालगाडीच्या गार्डने अकराव्याचा डबा आणून दिला. युसूफ म्हणाला, राहू द्या, खेळ संपला. त्यावर बायकांच्या बाजूने तानुबाई महाजन उभी राहिली.

“बारा रिळना पैसा दिन्हा शे, बाराबी देखसूत! लाव ते!”

युसूफने लावलं. पडद्यावर मी बरणीतून हार काढला, गाडीत बसले आणि हसले. तिथेच सिनेमा संपला. तानुबाईने तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली, की म्हणे स्टेशनातल्या पोर्टरने हिरवं निशाण दाखवलं.

“माफी मांगी, लगीन बी करं, आनि मंग हार लिसन पयी गयी! अशी जोयजे बाई!”

दुसऱ्या दिवशी आखाजी. माहेरी आलेल्या साऱ्या पोरीबाळी तंबूवर लोटल्या आणि त्यांनी अट घातली, की काल दाखवला तसाच दाखवा. तेव्हापासून पहूरपासून दोंडाईच्यापर्यंत हा सिनेमा याच क्रमाने चालला. मुंबईत मेलेला सिनेमा इथे दर आखाजीला उठून बसायचा. पितांबररावांनी मला पत्र घातलं, बाई, एकदा येऊन बघा, तुम्ही इथे पळून जाता. मी आले, शेवटच्या बाकावर बसून पाहिलं, आणि खूप वर्षांनी मोकळेपणी हसले. मग राहिलेच. पुढे आमचं लग्न झालं. ते माझ्यासारखे देखणे नव्हते, पण त्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

सबब, ही प्रिंट मी माझा भाचा सुकदेव झुलाल निकम यास देत आहे. बापाचा डोळा चुकवून तो दर आखाजीला माझ्यासाठी सांजोऱ्या घेऊन येत आला आहे. अट एकच. बारावं रीळ आधी आणि अकरावं नंतर लावावं. प्रिंट विकण्याचा अधिकार त्याला नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या निर्मात्याचे चिरंजीव मोटार घेऊन आले होते. म्हणाले, ही शेवटची प्रिंट उरली आहे, आम्ही ती साफ करून योग्य क्रमाने लावू. मी म्हटलं, योग्य क्रमानेच लागलेली आहे. ते म्हणाले, बाई, कथेत तुम्ही शेवटी सुधारता. मी त्यांना चहा दिला आणि पॅसेंजरची वेळ सांगितली. ते मोटारीने आले होते हे माझ्या ध्यानात होतं.

कलम ३. प्रोजेक्टर, पडदा, कर्णा आणि तंबूचे खांब युसूफ खाटीक यास देत आहे. तंबू मोडून आता बरीच वर्षं झाली, गावोगाव व्हिडिओ आला, तरी हे मशीन युसूफने तेलपाणी करून जिवंत ठेवलं आहे. ते त्याचंच आहे, मी फक्त कागदावर आणते.

कलम ४. स्टेशन रोडचं राहतं घर, अंगणातल्या निंबासकट, युसूफची मुलगी मदिना युसूफ खाटीक हिला देत आहे. नवऱ्याने सोडल्यावर ती माझ्याकडे आली आणि पितांबरराव गेल्यापासून माझ्या घराला तिचाच आवाज आहे. निंबाला मी दर आखाजीला झोका बांधते. ज्यांना न्यायला कुणी आलं नाही अशा बाया तिथे येतात, झोका खेळतात, मांडे खातात. जात-धर्म कुणी विचारत नाही, विचारला तर झोका थांबवते. मदिनाने हा झोका चालू ठेवावा. बँकेतल्या ठेवीतून माझं शेवटचं साधेपणाने करावं, आणि उरेल त्यातून मदिनाने शिवणाचं नवं मशीन घ्यावं.

कलम ५. सिनेमातला मोत्यांचा हार तानुबाई महाजन हिला. तो काचेचा आहे, हे ती गेली पस्तीस वर्षं मान्य करत नाही. कोर्टानेही तिला समजावायला जाऊ नये. उंच टाचांचे बूटही तिलाच द्यावेत, फक्त ते घालून तिने विहिरीवर जाऊ नये.

कलम ६. काळा गॉगल छगनशेठ मिरचीवाले यांस. यार्डात मिरचीचे ढीग पडले की त्यांचे डोळे चुरचुरतात, आणि पोस्टरमधला तो गॉगल त्यांनी माझ्याकडे मस्करीत का होईना अनेकदा मागितला आहे. खरं तर छगनशेठ या दस्ताला साक्षीदार राहणार होते. पण वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष पुढे लुळी पडते, तेव्हा गॉगल किंवा सही, एक काय ते ठरवा. छगनशेठनी क्षणभरही विचार न करता गॉगल मागितला.

कलम ७. झुलाल दगा निकम, माझा सख्खा थोरला भाऊ, राहणार खैरवडे, यास मी काहीही देत नाही. भांडं नाही, लुगडं नाही, फोटोही नाही. तो अनेक वर्षं गावचा सरपंच होता आणि त्याने माझा तंबू खैरवड्याच्या शिवेत एकदाही येऊ दिला नाही. मीही हट्टाला पेटले. आखाजीच्या दिवशी नाल्याच्या अलीकडे, शिवेला चिकटून, दोन खांबांवर उघड्यावर पडदा बांधायची. खैरवड्याच्या बाया नाला ओलांडून यायच्या. पडद्याची पाठ मुद्दाम गावाकडे ठेवायची, झुलालने मला पाठमोरं केलं म्हणून.

कलम ८. माझ्या मृत्यूनंतर पहिल्या आखाजीला ‘पाहुणी पळाली’ खैरवडे गावात, पारासमोर दाखवावा आणि झुलालला पुढच्या खुर्चीवर बसवावं. तो नाही म्हणाला तर सुकदेवने प्रिंट तापी नदीत सोडून द्यावी. (वकीलसाहेब म्हणतात हे जरा टोकाचं आहे. असू दे.)

इथपर्यंत मजकूर चैत्रात लिहून झाला होता. पण साक्षीदार दोन लागतात. डॉ. सुनंदाबाई एक झाल्या. त्यांनी तपासणीची फी घेतलेली आहे, त्यांना मी काही देणं लागत नाही. दुसरा मिळेना. दोंडाईच्यात ज्याच्यावर माझा विश्वास आहे, त्याला मी काही ना काही दिलेलं. वकीलसाहेब वैतागून म्हणाले, “मावशी, ज्याला तुम्ही काहीच देत नाही असा एखादा माणूस आहे का नाही तुमच्या आयुष्यात?”

माझ्या तोंडून हसू फुटलं. मी सुकदेवला बोलावलं आणि म्हटलं, “तुना बापले सांग, तुनी बहीन मृत्युपत्र करी ऱ्हायनी. तेमा तुले काहीच नही. म्हनीसन सही कराले ये.”

सुकदेव जायला घाबरत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. झुलाल खाटेवर बसून बैलाची वेसण वळत होता म्हणे. त्याने निरोप दोनदा सांगायला लावला.

“काहीच नही?”

“काहीच नही, आबा.”

“घर?”

“ते मदिनाताईले.”

“मंग जासू,” म्हणाला, आणि वेसण वळत राहिला.

आखाजीच्या आदल्या दिवशी, म्हणजे काल, माझ्या दारात छपराची दमणी येऊन उभी राहिली. बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. हल्ली माणसं एसटीने जातात, हा दमणी घेऊन आला. झुलाल खाली उतरला. सत्तरी ओलांडलेला, वाकलेला, पांढरी टोपी नवी. मी दस्त टेबलावर मांडून ठेवला होता. त्याने तिकडे बघितलंही नाही.

“सही तठे करसू. चाल, गाडीमा बठ. आखाजी शे.”

मी म्हटलं, “इतला वरीस का नही उना?”

तो जू धरून उभा राहिला. म्हणाला, आधी राग होता. पुढे राग गेला, तेवढ्यात पितांबरराव वारले, आणि तुला ना मूल ना बाळ. “तव्हय वनू असतू ते लोके काय म्हनतीन? झुलाल घरना लोभे उना. आते कोनी म्हनाव नही. कागदवरच लिखेल शे, माले काहीच नही.”

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी भावावर सूड म्हणून सातवं कलम लिहिलं होतं, आणि त्याच कलमाने त्याला माझ्या दारापर्यंत यायची वाट मोकळी करून दिली. मी मोठ्या ऐटीत कडी लावली, पदर नीट केला, प्रिंटचे डबे दमणीत चढवले. युसूफ, मदिना, तानुबाई, डॉक्टरीणबाई, वकीलसाहेब आणि मशीन मागून टेम्पोने आले.

वाटेत मी त्याला म्हटलं, पाया पडायचं तेवढं राहिलं बघ. पंच बोलवतोस का? तो हसला. लहानपणी माझी वेणी ओढून हसायचा, तसा.

“तुनी माफीना काय भरोसा? सिनेमामा पाय पडस, आनि घडीभरमा हार लिसन पयी जास!”

मी विचारलं, “तू कव्हय देखा?”

तो बैलांना हाकत राहिला. थोड्या वेळाने त्याने आपणहून विचारलं, “मंजुळा, तू लहानपने ते उजव्या हाते जेवे. सिनेमामा डावा हातमा हार लेस. मुंबईले जाईसन हात बी बदलना का तुना?”

मी सिनेमात हार उजव्याच हाताने उचलते. ज्याने पडदा मागच्या बाजूने पाहिला आहे, त्यालाच तो डावा दिसणार. म्हणजे मी गावाकडे पडद्याची पाठ करून बसले, आणि नाल्याच्या पलीकडे, आपल्या शिवेत, निंबाखाली बसून माझा भाऊ त्या पाठीवर मला पाहत आला. वर्षानुवर्षं, मला डावखुरी समजून. कितीदा पाहिलास, विचारलं तर म्हणाला, “कोन मोजस?”

वकीलसाहेब म्हणतात, यातलं निम्मं दस्तात बसत नाही. बसतं. ज्याला हरकत असेल त्याने माझ्यामागे घ्यावी.

कलम ८ आता रद्द. त्याऐवजी असं, की आज आखाजीच्या दिवशी खैरवड्याच्या पारासमोर पडदा बांधला आहे आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड गावाकडे आहे. पुढची खुर्ची झुलालची. तानुबाईने ती अडवली होती, तिला उठवलं. दिवे लागायला अजून अवकाश आहे. पोरी निंबाला झोका बांधत आहेत, वहिनी खापरावर मांडे टाकते आहे, आणि युसूफने बारावं रीळ वर काढून ठेवलं आहे.

कलम ७ मात्र जसंच्या तसं ठेवत आहे. त्यातला एक शब्दही बदलू नये. बदलला तर हा दस्त लुळा पडेल, आणि माझा मुराळीही जाईल.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला, आवडला, म्हणून सही केली.

सही: मंजुळाबाई पितांबर बोरसे ऊर्फ मधुरिका (उजव्या हाताने)

स्थळ: मौजे खैरवडे, ता. शिंदखेडा, जि. धुळे. माझं माहेर.

दिनांक: ५ मे १९९२, वैशाख शुद्ध तृतीया, आखाजी.

साक्षीदार:

१. डॉ. सुनंदाबाई गिरासे, दोंडाईचा. आमच्यासमोर लिहून देणार यांनी शुद्धीवर राहून व हसत सही केली.

२. झुलाल दगा निकम, खैरवडे. लिहून देणार हिचा सख्खा भाऊ. यास या मृत्युपत्रात काहीही दिलेलं नाही.